स्टेपनीची जागा

“टोपडं घाला त्याला, टोपडं. थंडी वाजंल बाळाला,” बाळ्या म्हणाला आणि अंगणात हशा पिकला.

मी ओट्यावर बसून रेवाला मऊ भात भरवत होते. मान वर केली, तर दोरीवर वाळत घातलेलं रेवाचं टोपडं बाळ्याच्या हातात. जीपच्या मागच्या दारातून तो कमरेपर्यंत आत वाकला होता. आत, डाव्या अंगाला, एक भलामोठा टायर उभा होता आणि त्याच्या माथ्यावर ते पांढरं टोपडं. नाड्या खाली लोंबत होत्या.

मी उठले. रेवा कडेवर, उष्टा हात तसाच. गेले आणि टोपडं काढून घेतलं. आतल्या मऊ बाजूला ग्रीसचा काळा ठसा उमटला होता.

“गंमत केली, वहिनी,” बाळ्या म्हणाला. हा माझ्या नवऱ्याचा जिवलग मित्र. दोघांच्याही जिपा, दोघांनाही दर रविवारी चिखलात नेऊन त्या रुतवायचा आणि पुन्हा बाहेर काढायचा नाद. त्यांचा एक क्लबही होता. टी-शर्टवर पाठीमागे रेड्याचं तोंड.

“धुतलं की निघतंय ते,” संग्राम म्हणाला. संग्राम माझा नवरा, आणि नवरा व्हायच्या आधी माझ्या सख्ख्या आत्तीचा मुलगा. आमच्याकडे आत्तीच्या घरात सून म्हणून जाणं नवलाचं नाही. सासू म्हणजे आत्तीच, हक्काचं माणूस, असं सगळे म्हणतात. हक्क कुणाचा कुणावर, ते कुणी म्हणत नाही.

“हे आत का घेतलंय?” मी विचारलं.

“स्टेपनी? दाराला पेलत न्हाई. बिजागरी गेली न्हवं का परवा.”

ते मला ठाऊक होतं. कंपनीचे टायर काढून त्यानं मोठे, जाड खाचांचे टायर घातले होते. स्टेपनी पूर्वी मागच्या दाराला बाहेरून टांगलेली असायची, पण हे नवं धूड दाराला झेपेना. गेल्या रविवारी म्हशींच्या डबक्यात उड्या मारताना बिजागरी तुटली. तेव्हापासून ते दार निळ्या नायलॉनच्या दोरीनं बांधून ठेवलं होतं. आता स्टेपनी आत, सामानाच्या जागेत बसवायची ठरली होती. शब्बीर मिस्त्री दुपारपासून त्याच कामाला आला होता. आतल्या भिंतीला लोखंडी अँगल ठोकून झाला होता. टायर त्याला टेकवून उभा केला होता आणि पुढं-मागं घरंगळू नये म्हणून खाली दोन लाकडी ठोकळे लावले होते.

सगळं नीट होतं. फक्त तिथं आधी एक खुर्ची होती.

ती कुठं गेली म्हणून मी बघितलं, तर शेणकुटाच्या ढिगाजवळ उताणी पडलेली. तिच्याखालच्या सीटचे बोल्ट एका करवंटीत गोळा करून ठेवले होते.

त्या जिपेत मागं समोरासमोर दोन बाकं असायची, पट्टे नसलेली. रेवा झाली तेव्हा माझ्या भावानं, सुहासनं, बाळंतविडा आणला. वाळे नाहीत, बिंदल्या नाहीत. पुण्याहून पट्ट्यांची, गाडीत बांधायची तान्ह्या मुलांची खुर्ची आणली. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. “मामानं भाचीला खुर्ची दिली, आता सरपंच करतोय जणू,” असं कुणीतरी म्हणालं. सुहास कानकोंडा झाला, पण मागं हटला नाही. डावं बाक काढून तिथं पुढं तोंड करून एक सीट बसवून घेतली आणि तिच्यावर ती छोटी खुर्ची आवळून बांधली. खांद्यावरून येणाऱ्या दोन पट्ट्यांना मऊ गाद्या होत्या आणि गाद्यांवर पिवळी बदकं. रेवा त्यातलं उजवं बदक तोंडात घालून झोपी जायची. दात यायला लागल्यावर त्याची चोच तिनं चोखून पांढरी केली होती.

“अहो, आणि रेवा कुठं बसायची उद्या?”

“तुझ्या मांडीवर. आणि कुठं?”

तो हे रागानं म्हणाला नाही. त्याला प्रश्नच कळला नव्हता.

दुसऱ्या दिवशी रेवाचं जावळ होतं. आमची कुळस्वामीण सड्यावर. सडा म्हणजे डोंगरावरचं काळ्या कातळाचं पठार. तिथं जाऊन मामाच्या मांडीवर बसवून जावळ काढायचं. सुहास परस्पर तिथं येणार होता. आणि संग्रामच्या क्लबाची पोरंही नेमकी त्याच दिवशी सड्यावर जमणार होती. देवीचं देवीला, चिखलाचं चिखलाला.

शब्बीर मिस्त्री जिपेतून उतरला. कपाळावरचा घाम दंडानं पुसला. “संग्रामशेठ, मधल्या बोल्टचे आटे गेलेत. पिळून बसतोय खरं, पण धरणार न्हाई. उद्या दुपारी नवा घालून देतो.”

“उद्या सकाळी निघायचंय.”

“मग स्टेपनी घरात ठेवून जावा.”

“स्टेपनीबिगर सड्यावर?” बाळ्या म्हणाला. “मिस्त्री, तुम्ही बायकांसारखं बोलाय लागला.”

मिस्त्रीनं खांदे उडवले, पाने गोळा केले आणि तो नळावर हात धुवायला गेला.

“चढणीला हा टायर सुटतोय बघ,” बाळ्या संग्रामला म्हणाला. “सुटतोय आणि सरळ वहिनींच्या मांडीवर बसतोय.”

“बोटभर हलला तर अर्धी मिशी उतरवीन.”

“अर्धीच?”

“अर्धीच. अर्धी तुझ्यासमोर पिळायला ठेवतो.”

पुन्हा हशा. बाळ्यानं माव्याची पिचकारी तुळशीच्या कुंडीजवळ टाकली. मी तिथंच उभी होते. आतून वास येत होता. नव्या रबराचा एक वास असतो, नाकाच्या मुळाशी चिकटणारा. त्याखाली डबक्याचा, म्हशीच्या मुताचा, सडलेल्या पाल्याचा. टायर अजून धुतलेला नव्हता. खाचांतून चिखल वाळून पोपडे धरले होते. संग्राम एका फडक्यानं तो चोळत होता, मायेनं, गोलगोल. फडक्याचा काठ मी ओळखला. माझ्या आईनं तिची जुनी लुगडी फाडून रेवासाठी दुपटी शिवली होती, त्यातलं ते एक.

माझ्या तोंडाला पाणी सुटलं, ओकारीच्या आधी सुटतं तसं. मी आत गेले. पुरणाला डाळ शिजत होती.

सकाळी अंघोळी उरकल्या. आत्तीनं नऊवारीचा नवा काठ सारखा केला, पुरणपोळ्यांचा डबा फडक्यात बांधला. मी रेवाला तेल लावलं. तिचं जावळ मानेपाशी वळून यायचं, रेशमाच्या चिंधीसारखं, आणि घाम आला की त्याला दुधाचा, उन्हाचा वास यायचा. उद्यापासून हे नसणार म्हणून मी जरा जास्तच वेळ हुंगत बसले.

मग मनात आलं, पट्ट्यांची खुर्ची उजव्या बाकावर दोरीनं बांधता आली तर बघावी. मागच्या पडवीत ती सापडली. उचलली तर हाताला हलकी लागली. खांद्याचे पट्टे मुळापासून कापलेले होते. ब्लेडनं. भोकांतून पांढरा कापूस बाहेर आला होता, पोट फाडलेल्या कोंबडीसारखा. बक्कलही नव्हतं.

मी ती तशीच टाकली आणि जिपेकडे गेले.

टायर जागेवर होता. रिंगच्या भोकांतून ओवून, अँगलला वळसा घालून, बोल्टाच्या जागी दोन पट्टे त्याच्यावर फुलीसारखे आवळले होते. मधोमध लाल बटणाचं बक्कल. खांद्याच्या गाद्या काढायचेही कष्ट घेतले नव्हते. काळ्या टायरवर दोन पिवळी बदकं बसली होती.

“अहो, हे काय?”

संग्राम काच पुसत होता. “वादी एक नंबर हाय गं. इंपोर्टेड. बाजारात असली मिळत न्हाई.” बोटानं पट्टा छेडून दाखवला. तो टणत्कारला. “नवी खुर्ची आणून देतो तिला. हिच्यापेक्षा भारी.”

“विचारलं का नाही?”

“झोपली होतीस. उठवायचं होय एवढ्यासाठी?”

“वृषाली,” आत्ती पुढच्या सीटवरून म्हणाली. ती आधीच चढून बसली होती, मांडीत नारळ. “देवीला जाताना कटकट नको. आमची पोरं काय मांडीवर वाढली न्हाईत? चढ.”

मी चढले. त्या दिवसाचं मला सगळ्यात जास्त काय टोचतं म्हणाल, तर कुणी ओढलं नाही, ढकललं नाही. मी हातानं निऱ्या सावरून, पाय उचलून चढले.

उजव्या बाकावर मी, मांडीवर रेवा, शेजारी पुरणपोळ्यांचा डबा. समोर हातभर अंतरावर तो. माझे गुडघे त्याला लागत होते. मी पाय आखडून घेतले तरी प्रत्येक खड्ड्याला साडी त्याला घासत होती आणि वर काळी रेघ उमटत होती. मागून दोरीनं दार बंद केलेलं. उन्हानं पत्रा तापायला लागला तसा वास उठला. रबर, डिझेल, डबकं, वरून टायर चमकावा म्हणून चोळलेलं गोडसर तेल. आणि त्यातूनच गुळाचा, वेलदोड्याचा वास. दोन्ही मिसळले की काय होतं ते सांगता येत नाही. त्यानंतर कित्येक सणांना मला पुरण खाली उतरवता आलं नाही.

एका खाचेत काहीतरी करडं दिसत होतं. आधी वाटलं पानाचा देठ. उजेड आला तेव्हा कळलं, बेडकाचा पाय होता. चपटा, वाळलेला, बोटं नीट पसरलेली.

मी रेवाचं तोंड माझ्याकडे वळवलं. पण तिनं बदकं बघितली होती.

तिला काय माहीत? तिची बदकं ती तिची बदकं. तिनं दोन्ही हात पुढं केले, ‘बद्, बद्’ म्हणाली. तिला तेवढाच एक शब्द बोलता येत होता. गाडी वळणाला कलली, मी एका हातानं छताची दांडी धरली, तेवढ्यात ती पुढं झुकली. तिनं उजवं बदक पकडलं आणि ओळखीनं, सवयीनं तोंडात घातलं.

मी ओढून घेतलं तोवर ती चोखून बसली होती. तिच्या ओठांच्या कडेनं काळी लाळ आली. मी बोट घालून तोंड पुसलं, पदरानं जीभ पुसली. वाळूचे कण निघाले, तेलकट काळं निघालं. ती रडायला लागली, कारण मी तिचं बदक घेतलं होतं.

“काय झालं?” संग्राम आरशातून म्हणाला.

“टायरची घाण गेली तिच्या तोंडात.”

“माती खाऊनच पोरं घट्ट होत्यात.”

आत्ती समोर बघत होती. तिच्या अंबाड्याखालची मान ताठ झाली, एवढं मला दिसलं.

गाव संपलं. काजूच्या बागा संपल्या. सड्याच्या पायथ्याशी वाट फुटते. उजवीकडून लाल मातीची गाडीवाट डोंगराला वळसा घालत देवळाकडे जाते. समोरून खडी चढण. पावसाळ्यात पाणी उतरून उतरून कातळ उघडा पडलेला, पायऱ्यांसारखा, मध्ये भेगा. तिथून गुरंसुद्धा सांभाळून जातात. बाळ्याची जीप पुढं होती. ती हॉर्न देत सरळ खडीला लागली.

“सरळ वाटेनं घे,” आत्ती म्हणाली.

“पाच मिनिटात वर न्हेतो, आई. वळसा कशाला?”

“पोर हाय मागं.”

“पोरीची आई हाय की तिला धरायला.”

त्यानं एक दांडा खेचला. गाडी घोगऱ्या आवाजात गुरगुरली आणि चढायला लागली. आभाळ समोरच्या काचेत आलं. मी मागच्या बंद दाराकडे घसरू लागले. एक पाय ठोकळ्याला रोवला, एक हात दांडीला, एक हात रेवाच्या पोटाभोवती. तिसरा हात नव्हता. चाकं कातळावर चरचरली, जळक्या रबराचा धूर आत आला. रेवा खोकली आणि सकाळचं दूध माझ्या मानेवर, ब्लाउजमध्ये ओकली. गरम, आंबट.

“अहो, थांबा.”

“आता थांबलो तर मागं जाईल,” तो ओरडला. त्याच्या आवाजात भीती नव्हती, मजा होती.

पुढचं उजवं चाक उचललं गेलं. क्षणभर सगळं अधांतरी राहिलं. मग ते आदळलं. माझा ओला हात घसरला. रेवा माझ्या कुशीतून निसटली आणि तोंडावर समोरच्या रिंगेवर जाऊन आपटली.

आवाज फार मोठा झाला नाही. नारळ फोडायच्या आधी एकदा ठोकून बघतात, तेवढाच.

इंजिन बंद पडलं. संग्रामनं हँडब्रेक ओढला. गाडी नाक वर करून लटकली. मी रेवाला उचललं. ती रडत नव्हती. तोंड उघडं, श्वास अडकलेला, डोळे माझ्यावर रोखलेले. मग रडू फुटलं आणि त्याच्याबरोबर रक्त. वरचा ओठ मधोमध फाटला होता.

संग्रामनं मागं वळून बघितलं.

मी त्याच्या तोंडाकडेच बघत होते. मी त्या नजरेची वाट बघत होते. आता येईल, आता ह्या पोरीवर येऊन थांबेल. ती आली. माझ्यावरून, रेवावरून, खिडकीवरून वाहत पुढं गेली आणि टायरवर थांबली. त्यानं हात लांब केला आणि टायरला ढकलून बघितलं. पुन्हा ढकललं. त्याचा चेहरा उजळला. देखणा दिसत होता.

“बघितलंस?” तो म्हणाला. “जाग्यावर.”

मग खिडकीतून डोकं बाहेर काढून वर थांबलेल्या बाळ्याला हाक दिली. “बाळ्या, हलला न्हाई रे. बोटभर न्हाई.”

वरून शिट्टी आली.

मग त्यानं रेवाकडे बघितलं. “ओठ फुटला होय? लागतंच एवढं. हळद लावा.” तो उतरला आणि गाडीच्या पुढून बाळ्यानं सोडलेली दोरी बांधायला वर चढत गेला.

गाडीत आम्ही तिघी उरलो. रेवाचं रडणं, तापलेल्या इंजिनाची टिकटिक. किळस म्हणजे काय ते मला तोवर कळलं नव्हतं. चिखलाची येते ती किळस नव्हे, ओकारीची येते तीही नव्हे. माझ्या गळ्यात पोरीचं ओकलेलं दूध वाळत होतं, त्याचं मला काही वाटेना. पण त्या उजळलेल्या चेहऱ्याला मी रात्री कुशीत घेतलं होतं, त्याच्या ताटात जेवले होते, ह्या विचारानं अंगावर काटा आला.

आत्ती वळून बसली होती. तिनं पदराचं टोक ओलं करून रेवाचा ओठ टिपला. बराच वेळ टिपत राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली,

“ह्याच्या बापानं गाडी उलटीवली होती. आम्ही जत्रंला निघालो होतो. मी खाली, संग्राम पोटात. माणसानं आधी बैलाचं पाय चाचपून बघितलं.”

“मग तुम्ही काय केलंत, आत्ती?”

“काय करणार? उठले, लुगडं झाडलं आणि पुन्हा गाडीत बसले.” तिनं दार ढकललं. “लय वर्सं बसले.”

ती उतरली. त्या उतारावर, तिच्या वयाला, दाराला धरून, गाडीच्या कडेनं मागं आली. मला वाटलं, डबा घ्यायला आली. तिनं निळ्या दोरीची गाठ सोडली. तुटक्या बिजागरीचं दार एका अंगाला लोंबत उघडलं. बाहेरचं ऊन आत आलं.

“दे तिला हिकडं.”

मी रेवाला तिच्या हातात दिलं, डबा दिला, उतरले. आत्ती रेवाला खांद्यावर टाकून वाटेच्या एका बाजूला, कातळाच्या कडेला जाऊन उभी राहिली. डबा पायाशी ठेवला. मी तिच्यामागं निघाले, तर तिनं हनुवटीनं जिपेकडे खूण केली.

“पोरीचा पट्टा आत ऱ्हायला,” ती म्हणाली. “घेऊन ये.”

मी तिच्या तोंडाकडे बघितलं. तिथं काही नव्हतं. भाजी निवडताना असतं तसं होतं.

मी खाली बघितलं. चढण रिकामी होती. माणूस नाही, जनावर नाही. जिथं वाट वळते तिथं ती सोडून सरळ गेलं की कारवीचं दाट रान, आणि रानाखाली दरी. वर, गाडीच्या पलीकडे, संग्राम आणि बाळ्या दोरीच्या गाठीवरून वाद घालत होते. त्यांचे फक्त आवाज येत होते.

मी मागून आत चढले. मागचा ठोकळा आधी पायानं सरकवला. त्या आदळण्यानं तो सैलच झाला होता. मग बक्कल.

ते लाल बटण साधं नव्हतं. पोरांना उघडता येऊ नये म्हणून मुद्दाम कडक केलेलं. लावायला कुणालाही येतं, नुसतं दाबलं की कट् होतं. काढताना एका हातानं पट्टा पुढं खेचून ताण सैल करायचा आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं बटण थेट खाली दाबून धरायचं. मी ते रोज करत होते, झोपलेली पोर जागी होऊ न देता. संग्रामला ते कधी जमलं नाही. दरवेळी हाक मारायचा, ‘अगं, सोडव हिला.’

मी टायरला खांदा लावला, पट्टा सैल केला, बटण दाबलं.

कट्.

पट्टे भोकांतून ओढून घेतले आणि बाजूला झाले.

टायर लगेच नाही गेला. जरा विचार केल्यासारखा उभा राहिला. मग सावकाश घरंगळला, दाराच्या उंबऱ्यावरून कातळावर उतरला, एकदा उसळला. पहिल्या पायरीला छोटी उडी, दुसरीला मोठी. मग त्याला चाल मिळाली. जड, गोल, आनंदी, जणू ह्याचसाठी घडवला होता. प्रत्येक आपटीला खाचांतून वाळका चिखल उडत होता. वाटेच्या वळणावर तो वळला नाही.

“ए, ए, ए,” वरून बाळ्याचा आवाज आला. मग संग्रामचा. मग दगडांवरून धावणाऱ्या बुटांचा. मी पट्टे घेऊन उतरले आणि आत्तीजवळ गेले. ते दोघं गाडीच्या पलीकडच्या अंगानं खाली धावत सुटले. संग्राम आमच्या समोरून गेला, पण आम्हाला ओलांडताना त्याची मान वळली नाही. तो त्याच्याकडेच बघत होता.

आत्तीनं डबा उचलून माझ्या हातात दिला. रेवा तिच्या खांद्यावर हुंदके देत होती. आम्ही खडी सोडून पायवाटेनं देवळाकडे चालू लागलो. खाली दूर कारवी मोडल्याचा आवाज येत होता, मग नुसता धप्प, मग कुणीतरी कुणाला तरी शिव्या घालत होतं. मला वळून बघायची फार इच्छा झाली.

“मागं बघू नको,” आत्ती म्हणाली. “देवीला जाताना मागं बघत न्हाईत.”

वर सुहास पिंपळाच्या पारावर बसला होता. रेवाचा ओठ बघून उठला, माझ्या गळ्यावरची घाण बघून काहीतरी विचारणार होता. पण आत्ती म्हणाली, “आधी जावळ.” त्याच्या मांडीवर बसून रेवानं जावळ काढून घेतलं. रडून दमली होती, हूं की चूं केलं नाही. आत्तीनं ते मऊ केस खाली पडू न देता आपल्या पदरात झेलले. बोडकं डोकं केवढंसं दिसत होतं, ओलं, निळ्या शिरांचं. मी त्यावर ओठ टेकले. दुधाचाच वास होता. तो केसांचा नव्हता, तिचा होता.

तिथून मी सुहासबरोबर एस.टी.नं माहेरी गेले. संग्राम न्यायला आला, दोनदा. दुसऱ्यांदा जिपेत मागं नवी सीट बसवून आणली होती आणि वर नवी खुर्ची, खरंच भारी. बाबांनी आत या म्हटलं. मी दारातून ती खुर्ची बघितली. त्यानं तिचे पट्टे ओढून दाखवले, किती घट्ट बसतात ते. दाखवताना तो पट्ट्यांकडे बघत होता. मी चहा केला, दिला, आणि आत जाऊन रेवाला जेवू घालायला बसले.

आत्ती येते अजून. माझी आत्ती म्हणून येते. येताना पुरणपोळ्या आणत नाही.

परवा माळ्यावरचं काढताना ते पट्टे खाली पडले. बदकं धुऊनही करडीच राहिली आहेत. रेवा आता तिसरीत आहे. ओठावर मधोमध एक बारीक पांढरी रेघ आहे, हसली की दिसते. तिनं बक्कल घेतलं, लावलं, आणि सोडायला झगडत बसली. मी तिचा अंगठा धरून दाखवलं, आधी ताण सैल करायचा, मग दाबायचं. मग तिनं सगळं विचारून घेतलं. ओठ, टायर, कारवीचं रान. मी सांगितलं, तिच्या वयाला सांगता येतं तेवढं.

“मग सापडला का टायर?” तिनं विचारलं.

“काय माहीत,” मी म्हटलं. “आम्ही मागं बघितलंच नाही.”

तिनं अंगठ्यानं बटण दाबलं. कट्.